गोळी उशिरा घेतली तर

गणपती तोंडावर आलेत आणि आलेली बरीचशी पत्रं एकाच गोळीबद्दल आहेत.

एका सासूबाईंनी विचारलंय, ‘गेल्या वर्षी सुनेनं चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सुरू केल्या, तरी ऐन पूजेला पाळी आलीच. गोळ्या बनावट होत्या का?’

बहुधा नसाव्यात. उशीर झाला, एवढंच. अंडाशयातून बीज बाहेर पडलं की मागे उरतो तो पीतपिंड. साधारण चौदा दिवस तो प्रोजेस्टेरॉन पुरवतो आणि त्यावर गर्भाशयाचं अस्तर तग धरतं. गर्भ राहिला नाही की पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन उतरू लागतं, अस्तरातल्या नागमोडी धमन्या आकसतात आणि अस्तर सुटतं. म्हणजे रक्त दिसायच्या आधीच आत पडझड सुरू झालेली असते. नॉरएथिस्टेरॉनची गोळी प्रोजेस्टेरॉनची जागा घेते, पण ते उतरायच्या आत ती पोटात गेली पाहिजे. म्हणूनच डॉक्टर सहसा तारखेच्या तीन दिवस आधीपासून, दिवसातून तीनदा ५ मिलिग्रॅम देतात. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. जिची तारीखच दर महिन्याला हुकते, तिनं ‘तीन दिवस आधी’ मोजायचे तरी कुठून?

या गोळीचा जन्म मला भारी आवडतो. १९५१ साली मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत लुईस मिरामोंतेस या सव्वीस वर्षांच्या मुलानं हे रसायन बनवलं. त्याच्यावर देखरेखीला होते कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रान्झ. कच्चा माल कुठला, तर मेक्सिकोच्या जंगलातला एक रानकंद! पुढे तेच रसायन कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांत गेलं. आपल्याकडे मात्र त्याला मागणी येते ती उकडीचे मोदक वळायच्या सुमारास.

पण पाळी लांबवायला घेतलेल्या गोळ्यांच्या भरवशावर गर्भ राहणार नाही असं समजू नका. दीड दिवसाच्या गणपतीला थोडक्यात भागतं. दहा दिवस ओढलं तर मधेच डाग दिसू शकतात, पोट फुगतं, छाती दुखरी होते. शिवाय शरीरात या गोळीचा थोडा अंश इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. ज्यांना कधी रक्ताची गुठळी झाली आहे, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग आहे, त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. जावेनं उरलेली पट्टी दिली म्हणून घेणं तर कुणीच नको.

पाळीत आरतीला उभं राहायला माझी काही हरकत नाही, बाप्पाचीही नसावी. पण घरात वाद नको म्हणून गोळी घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. फक्त डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा, हरतालिकेच्या संध्याकाळी नको.