‘बटणच तर दाबायचंय!’

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी मागच्या महिन्यात मला जिन्यात गाठलं. टाक्या धुवायच्या होत्या, त्याची सूचना सगळ्या सभासदांना मेलवर पाठवायची होती. ‘‘तुमचं तेच काम ना? मेल पाठवायचं?’’ मी हो म्हटलं. भाजीची पिशवी हातात धरून मार्केटिंग ऑटोमेशनचा अ‍ॅडमिन म्हणजे काय ते कुठे सांगत बसणार! पण हेच वाक्य गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला सेल्सचा माणूस बोलतो तेव्हा मात्र डोकं फिरतं. ‘‘अगं, यादी तयार आहे, मजकूर तयार आहे. तुला बटणच तर दाबायचंय.’’

तर या बटणाबद्दल.

मार्केटिंग ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर मार्केटो असो, हबस्पॉट असो, एलोक्वा असो, ते बटण दाबायला दोन सेकंद लागतात आणि ते कुणालाही जमतं. अ‍ॅडमिनचा दिवस जातो तो हा मेल कुणाकुणाला जाता कामा नये हे ठरवण्यात. गुरुवारची तीच यादी घ्या. आधी अनसबस्क्राइब केलेले लोक वगळायचे. मग बाउन्स होणारे, म्हणजे नोकरी सोडून गेलेल्यांचे मेलेले पत्ते. मग प्रतिस्पर्धी कंपन्यांचे पत्ते. मग तो ग्राहक, ज्याच्याशी बिलावरून तीन आठवडे वाद चाललाय; त्याला नेमकं याच वेळी ‘आमचे समाधानी ग्राहक काय म्हणतात’ गेलं तर शोभा होते. युरोपातले संपर्क असतील तर त्यांनी संमती कधी आणि कुठल्या फॉर्मवर दिली याची नोंद हवी, कारण तिथे मे २०१८ पासून जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. ‘प्रदर्शनात कार्ड दिलं होतं त्यांनी’ एवढ्यावर भागत नाही.

मग वेळ. आमच्या प्लॅटफॉर्मचं घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं. पुण्यात बसून ‘सकाळी १०’ टाकलं तर मेल सुटतो इथल्या रात्री साडेदहाला आणि त्यांच्याकडे हिवाळी वेळ सुरू झाली की साडेअकराला. भारतातल्या ग्राहकांना ‘शुभ सकाळ’ म्हणणारा मेल असा मध्यरात्रीच्या तोंडावर गेलेला मी पाहिलाय. पाठवला कुणी, ते विचारू नका.

आणि एक चौकट. मार्केटोत मेलच्या सेटिंगमध्ये ‘ऑपरेशनल’ नावाची एक छोटी चौकट असते. पावती, पासवर्ड बदलल्याची सूचना अशा गरजेच्या मेलसाठी ती ठेवलेली आहे. तिच्यात टिक केली की अनसबस्क्राइब केलेल्यांनाही मेल जातो. सेल्समधल्या एकाला हे कुठूनसं कळलं आणि तो माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, ‘‘तेवढी टिक कर ना, आकडा वाढेल.’’ ‘नको’ म्हणालेल्या माणसाला पुन्हा मेल पाठवायचा हा चोरदरवाजा. तो बंद ठेवणं हे माझं काम आहे. त्यासाठी दर तिमाहीला कुणाकडे कसली परवानगी आहे ते तपासावं लागतं. बटण दाबण्यात याचं नावही येत नाही.

‘‘दोनचारशे लोक चिडतील, चिडू देत,’’ असंही ऐकून घ्यावं लागतं. इथे पुरावा मागणाऱ्यांनी गुगलचेच नियम वाचावेत. फेब्रुवारी २०२४ पासून, जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तिन्ही बंधनकारक झाले. आपल्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी, मेलवरची डिजिटल सही, आणि या दोन्हींत गडबड आढळली तर मेलचं काय करायचं त्याची सूचना, असे ते तीन. शिवाय एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब होता आलं पाहिजे आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहिल्या पाहिजेत. म्हणजे हजारात तीन! याहूनेही त्याच सुमारास तसेच नियम आणले, मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये. तेव्हा एक लाख मेलमागे ‘चिडू देत’ म्हटलेले ते तीनशे लोक तुम्हाला थेट सीमेवर नेऊन ठेवतात. ती ओलांडली की त्या एका ऑफरच्या मेलवर थांबत नाही, डोमेनची पत घसरते. पुढच्या आठवड्यात त्याच डोमेनवरून गेलेलं बिलही ग्राहकाच्या स्पॅममध्ये सापडतं, आणि मग अकाउंट्सवाले मला फोन करतात.

बटणाची किंमत मोठमोठ्यांनी मोजलीय. जून २०२१ मध्ये एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेच्या ग्राहकांना ‘इंटिग्रेशन टेस्ट ईमेल नंबर १’ अशा विषयाचा, आत एक ओळ असलेला मेल आला. चाचणीचा मेल खऱ्या यादीवर गेला होता. कंपनीने माफी मागून एका इंटर्नकडे बोट दाखवलं आणि जगभरच्या लोकांनी आपापल्या चुका सांगून त्या इंटर्नला धीर दिला. हे हसण्यावारी गेलं. मे २०१४ मधलं शटरफ्लायचं प्रकरण तसं नव्हतं. फोटो छापून देणाऱ्या या अमेरिकी कंपनीचा ‘नव्या बाळाबद्दल अभिनंदन’ करणारा मेल चुकीच्या यादीवर गेला. ज्यांचा गर्भपात झाला होता, ज्यांना मूल होत नव्हतं, अशा बायकांनाही तो मिळाला. बटण व्यवस्थितच दाबलं होतं. चुकली ती गाळणी.

बाकीचे गैरसमज मुळात या ‘बटणच तर दाबायचंय’च्याच फांद्या, त्यांना एकेक ओळ पुरे.

‘ऑटोमेशन आहे, म्हणजे आपोआप चालतं.’ जुलै २०१७ मध्ये खुद्द मार्केटोच्या डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं, ग्राहकांचे फॉर्म आणि लिंक बंद पडल्या, आणि एका ग्राहकाने आपल्या खिशातून पैसे भरून ते डोमेन चालू केलं.

‘निम्म्या लोकांनी मेल उघडला.’ अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ पासून मेलमधली चित्रं पार्श्वभूमीवर आधीच उतरवून घ्यायची सोय दिली. ती चालू असेल तर माणसाने पाहिला नाही तरी मेल ‘उघडला’ म्हणून मोजला जातो. क्लिक किती, ते विचारा.

‘मेल नको तर एसएमएस टाक, त्याला कुठे भानगड!’ दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा दोन्ही आधी नोंदवावं लागतं. साच्याबाहेरचा मजकूर पुढे सरकतच नाही.

‘यादी विकत घेऊ.’ नाही.

‘आता एआय करेल हे सगळं.’ विषयाच्या ओळी तो माझ्यापेक्षा बऱ्या लिहितो, मान्य. पण बिलावरून भांडणारा तो ग्राहक कोण, हे त्याला कुणीतरी नोंदवून ठेवलं असेल तरच कळणार.

आणि शेवटचा, माझा लाडका: ‘डेटा एकदा साफ केला की झालं.’ मराठी माणूस फॉर्म भरताना ‘फर्स्ट नेम’च्या चौकटीत आडनाव लिहितो, कारण शाळेपासून हजेरीत आडनावच आधी. मग मेल जातो ‘प्रिय कुलकर्णी’ म्हणून, जणू हेडमास्तरांनीच हाक मारली! देशी ग्राहकांच्या यादीसाठी आम्ही हे दुरुस्त करायला नियम लावला: ओळखीची आडनावं दिसली की चौकटींची अदलाबदल. आठवडाभर सगळे खूश होते. मग नाईक नावाचे एक गृहस्थ ‘प्रिय पुणे’ झाले, कारण त्यांनी दुसऱ्या चौकटीत गाव लिहिलं होतं. शिवाय ‘सौ.’ हेच पहिलं नाव असलेल्या बायका वेगळ्याच. सोमवारी त्यांची यादी काढली, एक्केचाळीस निघाल्या. ‘श्री.’ अजून मोजायचे आहेत.