मागच्या पानांवरचा हिशोब

पहाटे 4:35
पुणे. पर्वतीच्या पायथ्याची वस्ती. सार्वजनिक संडासाला आठ दारं. एक मोडलेलं, एकाला आतून कडी नाही. साडेपाचनंतर इथे रांग लागते, म्हणून तो आधीच येऊन जातो. वय एकेचाळीस. धंदा रिक्षाचा. आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याचं अस्तर सुजतं, त्याला व्रण पडतात, शौचावाटे रक्त जातं. औषधाने मुळापासून जात नाही, शांत ठेवता येतो. सध्या शांत आहे.

बाहेर येऊन तो साबणाने हात धुतो. मग शर्टाच्या खिशातून छोटी वही काढतो. पुढच्या पानांवर भाड्यांचा हिशोब, मागच्या पानांवर पोटाचा. आजच्या तारखेपुढे लिहितो: ‘1. घट्ट. र नाही.’ र म्हणजे रक्त. ही मागची पानं बायको बघते आणि डॉक्टर बघतात. मला दाखवली ती बरेच आढेवेढे घेऊन.

5:10
खोली दहा बाय बारा. चहाच्या डब्याशेजारी गोळ्यांचा डबा. जागा मुद्दाम ठरवलेली, कारण चहा कधी विसरत नाही. मेसालामीनच्या 1.2 ग्रॅमच्या दोन गोळ्या, एकदम, अख्ख्या गिळायच्या. वरचा लेप जठरातल्या आम्लात टिकतो आणि पुढे आतड्यात जाऊन विरघळतो, त्यामुळे गोळी मोडायची नाही, चावायची नाही. दिवसाला चाळीस रुपये. महिन्याचे बाराशे.

चहा अर्धा कप, दुधाचा. ‘दूध बंद कर’ असं त्याला निम्म्या वस्तीने सांगितलंय. त्याने महिनाभर बंद करून पाहिलं, वहीत काही फरक पडला नाही. चहापुरतं दूध चालतं. बासुंदी बाधते. एका लग्नानंतरच्या पानावर नुसतं ‘बासुंदी’ लिहून खाली दोन रेघा मारल्यात.

5:50
सीएनजीची रांग. पुढे एकवीस रिक्षा. गाडी त्याची नाही, मालकाला दिवसाचे 350 द्यायचे. रांगेत तो इंजिन बंद करून, गाडी ढकलतच पुढे सरकवतो.

मागच्या सीटखाली एक कापडी पिशवी आहे. तिच्यात जुनी पँट, टॉवेलचा तुकडा, पाण्याची बाटली, ओआरएसच्या दोन पुड्या, साबणाची वडी, प्लास्टिकच्या पिशव्या. दुखणं उठलं होतं तेव्हा ही पँट बरेचदा लागली. आता महिनोन्‌महिने लागत नाही, पण पिशवी काढलेली नाही.

अशा रांगेत कळ आली तर काय, हे मी विचारायच्या आत तो पंपामागच्या दाराकडे बोट दाखवतो. दाराला कुलूप. किल्ली हवा भरणाऱ्या पोराकडे. ‘दिवाळीला त्याला मिठाई देतो. किल्ली मागायची वेळ आली तर प्रश्न नको.’

7:05
शाळेचं बांधलेलं भाडं. चार मुलं, चार दप्तरं, चार डबे. महिन्याचे ठरलेले पैसे येतात, म्हणून हे भाडं सोन्यासारखं. आणि याचीच भीती सगळ्यांत जास्त. गिऱ्हाईकाला ‘दोन मिनिटं थांबा साहेब’ म्हणता येतं, पोरांना भर रस्त्यात सोडून जाता येत नाही. दुखणं उठलं तेव्हा हे काम त्याने आपणहून दुसऱ्या रिक्षावाल्याला दिलं. बरा झाल्यावर चारांपैकी दोनच घरांनी परत बोलावलं. उरलेली दोन पोरं नवीन आहेत.

8:40
स्टँड. सहा रिक्षा पुढे. मी स्कूटर लावून त्याच्या मागच्या सीटवर बसतो.

सुरुवात कशी झाली ते इथे कळतं. रक्त दिसलं. त्याने मूळव्याध धरली. मेडिकलवाल्याने मलम दिलं. मग आव पडायला लागली, तर एका डॉक्टरने अमीबा म्हणून गोळ्या दिल्या. चार दिवस बरं, परत तेच. दीड वर्ष असं गेलं. वजन अकरा किलो उतरलं. शेवटी दुर्बीण घालून आतडं बघितलं, तुकडा तपासला, तेव्हा नाव कळलं.

शेजारच्या रिक्षातले अण्णा सगळं ऐकतायत. त्यांचं निदान वेगळं. ‘हा बिडी ओढायचा तोवर ठणठणीत होता. सोडली आणि लागलं. परत चालू कर म्हणतो तर ऐकत नाही.’

गंमत म्हणजे अण्णांचं निरीक्षण खोटं नाही. हा आजार बिडी-सिगारेट सोडल्यानंतरच्या काळात सुरू झाल्याचं बऱ्याच जणांत दिसतं. याचाच भाऊबंद असलेला क्रोन्स नावाचा आजार मात्र धुराने चिघळतो. डॉक्टरांना त्याने हे विचारून घेतलंय. उत्तर सरळ मिळालं: बिडीने छाती आणि काळीज जाईल, तो काही इलाज नाही. अण्णा मान हलवतात. पटलेलं नाही.

9:30
मिसळ. मी चपापतो, तो हसतो. अर्धी प्लेट, तर्री बाजूला, दोन पाव.

‘पाच वर्षं मी हिलाच शिव्या घातल्या,’ तो म्हणतो.

वही डॉक्टरांनी लिहायला लावली. काय खाल्लं, झोप किती, गोळी घेतली का, किती वेळा जावं लागलं, रक्त पडलं का. आधी त्याला हा शाळेचा अभ्यास वाटला. पण रिक्षावाल्याला रोजचा हिशोब लिहायची सवय असतेच. पानं साठत गेली तसं मिसळीचं नाव निघेना. मिसळीच्या दुसऱ्या दिवशी कधी एखादी फेरी जास्त, रक्त नाही. आणि जिथून रक्त सुरू झालं त्या पानाच्या मागे चार महिने चाळले, तर गोळीच्या रकान्यात फुल्या. जूनपासून. जूनमध्ये पोराची फी होती. बरंही वाटत होतं. बरं वाटतंय तर बाराशे कशाला घालवायचे, असा साधा विचार.

दुखणं उठवणाऱ्या गोष्टींची यादी लोक जिभेपासून सुरू करतात: तिखट, तेल, मटण, वांगं. ती माणसागणिक बदलते. याला शेंगदाणे बाधतात, दुसऱ्या कुणाला राजमा बाधेल, तिसऱ्याला काहीच नाही. आणि फेऱ्या वाढणं वेगळं, आतली सूज उठणं वेगळं. दुखणं उठलेलं असताना तिखट आणि कोंड्याचं खाल्लं तर हाल वाढतात, हे खरं. तेव्हा तो मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला बटाटा यावर राहतो. पण शांत काळात हाच आहार धरून बसलं तर माणूस वाळत जातो. तो तसाही वाळला होता, घरच्यांच्या पथ्याने. मला विचाराल तर या आजारात पथ्यापेक्षा चुकलेली गोळी मोजावी.

मिसळीचे पैसे तो देतो. पावसाळ्यात तो इथे खात नाही, रस्त्यावरचं पाणी तर कधीच पीत नाही. दूषित पाण्याने जंतुसंसर्ग झाला तर त्यातूनही दुखणं उठतं. जुलाब लागले की आधी शौचाची तपासणी, मग औषध. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही.

10:50
स्वारगेट. एक तरुण, पाठीवर लॅपटॉपची बॅग. ‘काका, हिंजवडी?’

मीटरने साडेतीनशेच्या आसपास. तो हो म्हणण्याआधी अर्धा क्षण थांबतो. दोन वर्षांपूर्वी त्याने अशी भाडी नाकारायला सुरुवात केली होती. लोक वैतागायचे, रिक्षावाल्यांचा माज म्हणायचे. खरं कारण कुणाला सांगणार? त्या दिवसांत कळ आली की हातात दोन-तीन मिनिटं असायची आणि हिंजवडीच्या वाहतुकीत दोन-तीन मिनिटांत गाडी हलतसुद्धा नाही. आज पहाटेचा आकडा एक आहे. ‘बसा.’

मी मागे स्कूटरवर. त्याला शहर संडासांवरून पाठ आहे. कुठलं सुलभ किती वाजता उघडतं, कुठल्या पंपावर पाणी नसतं, कुठल्या हॉस्पिटलचा पहारेकरी आत सोडतो, कुठल्या मॉलचा हटकतो. दुखण्यात तो त्या टापूंमध्येच धंदा करायचा. कमाई निम्म्यावर आली होती.

दुपारी 1:20
परतीचं भाडं मिळालं नाही. रिकामा आला. खड्ड्यांनी कंबर धरलीय. स्टँडवर एक जण खिशातून पाकीट काढतो. ‘एक मार दादा, अर्ध्या तासात मोकळा.’ डायक्लोफिनॅक.

तो पाकीट उलटून नाव वाचतो आणि परत देतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्यांनी आतड्याचं दुखणं उठू शकतं. हे त्याला दाढेने शिकवलं. दाढ काढली, तीन दिवस असलीच गोळी घेतली, आठवड्यात रक्त. दातांच्या डॉक्टरला आजार सांगितला नव्हता, दाढेचा आणि आतड्याचा काय संबंध म्हणून. आता डॉक्टर कुठलाही असो, आधी वहीचं पहिलं पान पुढे करतो. त्यावर आजाराचं नाव, चालू गोळ्या आणि मोठ्या अक्षरांत दोन ओळी: ‘दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास, सोबत ताप किंवा छातीत धडधड: थेट हॉस्पिटल. सकाळची वाट बघायची नाही.’

कंबरेसाठी पॅरासिटामॉल. एक गोळी, आणि पाच मिनिटं फुटपाथवर आडवा.

2:30
घर. भात, आमटी, दोडक्याची भाजी, ताक. ‘अहो, शेंगदाण्याचं कूट नाही घातलं,’ बायको आतून सांगते. मग झोप, साडेचारपर्यंत. ही झोप त्याने धंद्यातून कापून काढलीय. पूर्वी दोन्ही पाळ्या सलग मारायचा, रात्री बारापर्यंत. सततची जागरणं आली की मागची पानं बिघडायची, हेही वहीतच दिसलं.

संध्याकाळी 6:40
लक्ष्मी रोडजवळ गिऱ्हाईक उतरवताना पोलिसाने फोटो काढला. नो पार्किंग. मोबाइलवर चलन येतं, 500 रुपये. तो काही बोलत नाही. दहा मिनिटांनी गाडी सुलभसमोर लावतो. पाच रुपये. बाहेर येऊन लिहितो: ‘2. सैल. र नाही. चलन.’

‘टेन्शनने आजार होतो का?’ मी विचारतो.

‘होत नाही म्हणतात डॉक्टर. असलेला उठू शकतो. पण टेन्शनची गोळी कुठं मिळते? लिहून ठेवायचं. उद्या परत सैल झालं तर बघू.’

8:50
धंदा बंद. गाडी लावून मेडिकल. जनऔषधीत आधी विचारून आलाय, आज तिथे माल नाही. दहा दिवसांच्या वीस गोळ्या घेतो, 400 रुपये. महिन्याच्या एकदम घेतल्या तर दुकानदार थोडी सूट देतो, पण बाराशे एकदम हातात नसतात.

गेल्या वेळी गोळ्या थांबवल्या तेव्हा आधी स्टिरॉइड घ्यावं लागलं. प्रेडनिसोलोन, रोज 40 मिलिग्रॅमपासून सुरू, दर आठवड्याला पाच कमी. मध्येच तोडायचं नाही. तोंड सुजलं, झोप उडाली, भूक आवरेना. सहा आठवडे गाडी बंद होती, मालकाने दुसऱ्याला दिली होती. जूनमध्ये वाचवलेले बाराशे कुठल्या कुठे गेले.

9:40
वहीची पुढची पानं. भाडी 1,560. गॅस 360. मालक 350. मिसळ, चहा 75. सुलभ 5. उरले 770. त्यातले चाळीस तो गोळ्यांच्या डब्यात टाकतो, रोज, म्हणजे पुढची पाकिटं घेताना उसने मागायला नकोत.

पुढच्या गुरुवारी ओपीडी. रक्त तपासणी, वजन, वही. गरज वाटली तर कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे शौचाच्या नमुन्यावरून आतली सूज कळते, दर वेळी दुर्बीण घालावी लागत नाही. आजाराला आठ वर्षं झाली की मात्र कॅन्सर नाही ना, हे बघायला दुर्बीण करावीच लागेल, असं आधीच सांगून ठेवलंय. त्याला अजून अवकाश आहे.

ओपीडीचा नंबर लवकर लागला तर दुपारनंतरची पाळी मिळेल. नाही लागला तरी मालकाचे 350 द्यावेच लागतील. चलनाचे 500 अजून भरायचे आहेत.