कोंबड्यांच्या पैदाशीत नर बदलताना

एकाच हंगामात एकामागून एक दोन नर वापरून कोंबड्यांची पैदास करण्याचा प्रयत्न पुष्कळ शेतकरी बंधू करतात. गावठी नर काढून ऱ्होड आयलंड रेड जातीचा नर सोडला, की दुसऱ्या दिवसापासूनची अंडी सुधारित, असे ते धरून चालतात. ही समजूत बरोबर नाही.

कोंबडीच्या अंडनलिकेत, गर्भाशय व योनी यांच्या सांध्यापाशी, अतिसूक्ष्म नळ्या असतात. समागमानंतर शुक्राणू त्यांत साठून राहतात व थोडेथोडे बाहेर पडून पुढील अंडी फलित करतात. त्यामुळे नर दूर केल्यावरही आठवडाभर बहुतेक अंडी फलित निघतात. पुढे हे प्रमाण घटते. तरी तिसऱ्या आठवड्यातही एखादे फलित अंडे सापडते. टर्कीच्या मादीत तर हा साठा याहून कितीतरी अधिक काळ टिकतो.

नवा नर लगेच सोडल्यास बहुधा त्याचाच वरचष्मा राहतो. परंतु जुना साठा शिल्लक असल्याने एकाच कोंबडीची पिल्ले दोन बापांची निघू शकतात. अशी तलंग पुढे अपेक्षेइतकी अंडी देत नाही आणि दोष मात्र नव्या नराच्या माथी येतो.

म्हणून जुना नर काढल्यावर दोन आठवड्यांनी नवा सोडावा. तीन आठवडे पुरे होईपर्यंतची अंडी खाण्यास किंवा विक्रीस काढावीत. उबवणीस ठेवू नयेत. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख घालावी. अर्थात शेजारचा नर कुंपण ओलांडून येत असेल, तर हे दिवस मोजणे व्यर्थ होय.