गावाच्या कचऱ्याचा हिशेब दिल्लीला कसा जातो?

आपल्या गटाची बैठक बसली की वही पुढे येते. मागची शिल्लक किती, आज जमा किती, कर्ज दिलं किती, हातात उरले किती. ताळमेळ बसला नाही तर कोणी उठत नाही. दहा रुपये कमी पडले तरी पुन्हा पहिल्यापासून बेरीज होते. कचऱ्याचाही असा हिशेब ठेवावा लागतो, आणि तो आपल्या गल्लीपासून दिल्लीपर्यंत जातो. तो कसा जातो, वाटेत कुठं अडखळतो आणि आपलं त्याच्याशी काय देणंघेणं, ते आज सांगते.

भूम शहराला नगरपरिषद आहे, ती 'क' वर्गातली. 40 हजारांपर्यंत लोकसंख्येच्या नगरपरिषदा या वर्गात येतात. ईट, वालवड, माणकेश्वर, पाथरूड या आपल्या गावांना ग्रामपंचायती आहेत. कचऱ्याचे आकडे वर पाठवायची शहराची वाट वेगळी आणि गावाची वेगळी. आधी शहराची बघू, कारण ती कायद्यात नीट लिहिलेली आहे.

केंद्र सरकारने 2016 मध्ये घनकचरा व्यवस्थापनाचे नियम काढले. त्याआधी 2000 सालचे नियम होते. तेही सरकारला आपणहून सुचले असं नाही. बंगळुरूच्या अल्मित्रा पटेल या बाई 1996 मध्ये शहरांच्या कचऱ्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्यानंतर ही चाकं हलली. हे मुद्दाम सांगते, कारण 'कचऱ्याचं बायकांना काय कळतं' असं म्हणणारे अजून भेटतात.

2026 मध्ये नवे नियम लागू होईपर्यंत वर्षाचा अहवाल कोणी, कोणाला आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा हे या 2016 च्या नियमांनी ठरवून दिलं होतं. खत प्रकल्प किंवा कचरा प्रक्रिया केंद्र जो चालवतो, त्याने 30 एप्रिलपर्यंत नगरपरिषदेला हिशेब द्यायचा. तो नमुना 3. नगरपरिषदेने 30 जूनपर्यंत आपला अहवाल नमुना 4 मध्ये भरायचा आणि तो दोन ठिकाणी पाठवायचा: एक राज्याच्या नगरपरिषद प्रशासन संचालनालयाला, दुसरा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला. आपल्या धाराशिव जिल्ह्याचं काम मंडळाच्या लातूरच्या कार्यालयाकडे आहे. मंडळ सगळ्या राज्याची बेरीज करून 31 जुलैपर्यंत नमुना 5 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं. केंद्रीय मंडळ देशाचा अहवाल करून 31 ऑगस्टच्या आत मंत्रालयांपुढे ठेवायचं.

आपल्याकडे गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी उतरंड असते ना, तसंच हे. खालच्या मडक्याला चीर असली तर वरची उतरंड कितीही सुबक दिसो, ती डुगडुगणारच. गटाच्या वहीत बेरीज चुकली तर ग्रामसंघाची बरोबर येईल कशी?

आता नमुना 4 मध्ये काय विचारत ते बघा. शहराची लोकसंख्या आणि घरं किती, रोज कचरा किती टन निघतो, उचलला किती जातो, त्यातल्या कितीवर प्रक्रिया होते आणि किती नुसता डेपोवर जातो. किती घरांतून दारात येऊन कचरा घेतात, घरातच ओला-सुका वेगळा होतो का, गाड्या किती, कामगार किती. डेपोला कुंपण आहे का, उजेडाची सोय आहे का, वजनकाटा आहे का. हा वजनकाट्याचा प्रश्न साधा दिसतो, पण सगळी गोम तिथंच आहे. काटा नसेल तर टनाचा आकडा आला कुठून?

तो दोन प्रकारांनी येतो. पहिला, गाड्यांच्या खेपांवरून. घंटागाडी भरली की साधारण इतक्या किलोची, आज खेपा इतक्या, गुणाकार केला की झाला आकडा. पण पावसाळ्यात भिजलेला कचरा जड, उन्हाळ्यात वाळलेला हलका. बाजाराच्या दिवशी भाजीपाल्याचा ढीग, एरवी पिशव्या आणि खोके. कधी गाडीत बांधकामाचा राडारोडाही येतो. गाडी भरलेली दिसते, वजन मात्र रोज निराळं. दुसरा प्रकार आणखी सोपा. सरकारी मार्गदर्शक पुस्तिकेत दोन लाखांखालच्या शहरांसाठी माणशी दिवसाला 200 ते 300 ग्रॅम कचरा धरलेला आहे. समजा शहराची वस्ती 20 हजार. माणशी 250 ग्रॅम धरले की 5 टन. लिहा 5 टन. पुढच्या वर्षी लोकसंख्या जरा वाढवा, लिहा सव्वापाच. एकही पाटी काट्यावर न चढवता अहवाल पूर्ण होतो.

यात मी कोणा एकाला दोष देत नाही. लहान नगरपरिषदेत स्वच्छता विभागाची माणसं मोजकीच असतात. तीच पहाटे मुकादमाबरोबर हजेरी घेतात, तीच तक्रारी ऐकतात, तीच स्वच्छ भारत अभियानाच्या पोर्टलवर माहिती भरतात, स्वच्छ सर्वेक्षणाच्या वेळी फोटो चढवतात, आणि जूनमध्ये नमुना 4 भरायलाही तीच बसत. एकच माहिती वेगवेगळ्या खिडक्यांत वेगवेगळ्या वेळी भरायची म्हटल्यावर आकडे जुळतीलच असं नाही. पण अंदाज हा अंदाज म्हणून लिहिला तर चालतो. अंदाजाला मोजमापाचा सदरा घातला की वरच्या माणसाची फसगत होते.

देशाचा आणि राज्याचा आकडाच बघा. केंद्रीय मंडळाच्या 2020-21 च्या अहवालात देशात रोज सुमारे 1,60,039 टन कचरा निघतो असं लिहिलं आहे. त्यातल्या 79,956 टनांवर प्रक्रिया झाली, 29,427 टन डेपोवर गेला. उरलेल्या सुमारे 50,655 टनांचा, म्हणजे जवळजवळ 32 टक्क्यांचा हिशेबच लागत नाही. तसं त्या अहवालातच मांडलेलं आहे. आपल्या गटात शंभरातले बत्तीस रुपये 'हिशेब लागत नाही' म्हणून कोणी लिहिले असते तर सचिव बाईंचं काय झालं असतं?

महाराष्ट्राचं सांगते. रोज निघणारा कचरा 22,632 टन. उचललेला 22,584 टन. प्रक्रिया 15,056 टनांवर, डेपोवर 1,355 टन. वजाबाकी केली की 6,221 टन रोजचे कुठं गेले ते कळत नाही. पण मला त्याहून पहिले दोन आकडे खटकतात. निघाला 22,632 आणि उचलला 22,584, म्हणजे राज्यातल्या सगळ्या शहरांत मिळून रोज फक्त 48 टन कचरा उचलायचा राहतो. हजार किलोत दोन किलो. तुमच्या ओळखीच्या कोणत्याही शहरातला ओढा, गटार आणि मोकळा प्लॉट डोळ्यांसमोर आणा आणि तुम्हीच ठरवा. माझा अंदाज असा की बऱ्याच ठिकाणी आधी उचललेला कचरा धरतात आणि त्यावरून निघालेला किती ते लिहितात. जो गाडीत आलाच नाही, जो पहाटे कोपऱ्यात पेटवला, जो नदीकाठी टाकला, तो या हिशेबात जन्मालाच येत नाही.

आकडा चुकला तर आपलं काय जातं? पैसा जातो, हे एक. सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने महाराष्ट्राला सांडपाणी आणि घनकचऱ्याच्या हयगयीबद्दल 12,000 कोटी रुपयांची भरपाई लावली. मोठा वाटा सांडपाण्याचा होता. पण जुन्या साचलेल्या कचऱ्यापोटी सुमारे 1,200 कोटी होते, आणि त्यासाठी सुमारे 3.94 कोटी टन ढिगारे टनामागे 300 रुपयांनी धरले. राज्याच्या कागदावरचा टनाचा आकडा असा रुपयांत बदलतो. हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, तो भाग निराळा.

दुसरं जातं ते आपल्या गोठ्यातलं. आपला हा पट्टा दुधाचा आणि खव्याचा. कुंथलगिरीचा पेढा सांगून विकतात, त्याच्या मागे घराघरातली म्हैस आहे. शिळी भाकरी-भाजी पिशवीत घालून गाठ मारून फेकली की जनावर पिशवीसकट गिळतं. ते प्लास्टिक पोटात साचत जातं, जनावर खाणं सोडतं, दूध आटतं. ऑपरेशनचा खर्च कोणाच्या कर्जखात्यावर चढतो हे तुम्हाला सांगायला नको. कागदावर 'शंभर टक्के कचरा उचलला' असं लिहिलं असेल, तर त्या ओढ्याकाठच्या ढिगासाठी जादा गाडी आणि माणूस मागायला जागाच राहत नाही. वरचा साहेब म्हणणार, तुमच्याकडे तर सगळं उत्तम आहे.

आता गावाची वाट. 2016 च्या नियमांत साध्या खेडेगावाला नमुना 4 लागू नव्हता. गावाची माहिती स्वच्छ भारत मिशन ग्रामीणमधून जाते. याचा दुसरा टप्पा 2020 मध्ये सुरू झाला. यात गाव 'हागणदारीमुक्त अधिक' व्हायचं, त्याला ओडीएफ प्लस म्हणतात, आणि त्याच्या तीन पायऱ्या आहेत. शौचालयांचा वापर टिकवून घनकचरा किंवा सांडपाणी यांपैकी एकाची व्यवस्था केली तर 'उदयोन्मुख'. दोन्हींची केली तर 'उज्ज्वल'. त्यापुढे गाव नजरेला स्वच्छ दिसायला हवं आणि स्वच्छतेचे संदेश लावलेले हवेत, मग 'उत्कृष्ट'. ही माहिती पंचायत समितीमार्फत केंद्राच्या ऑनलाइन प्रणालीवर चढते आणि जिल्ह्याकडून पडताळणी होते. पण सुरुवात ग्रामसभेच्या ठरावाने होते, आणि ठराव म्हणजे आपलाही हात वर.

पैशाचा हिशेबही ऐकून ठेवा. पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला या टप्प्यात घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत आणि सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत निधीची मर्यादा ठेवली. दोन हजार वस्तीचं गाव असेल तर घनकचऱ्याला 1 लाख 20 हजार आणि सांडपाण्याला 5 लाख 60 हजार. त्यातला 30 टक्के भाग पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा होता. आपल्या गावाच्या नावावर यातलं काय आलं, कचराकुंड्या आल्या की ट्रायसायकल, खताचे खड्डे झाले की नुसता फलक लागला, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. फलकावर 'उत्कृष्ट' आणि शाळेमागे पेटलेला ढीग, असं गाव मी पाहिलंय. नाव घेत नाही, फलक अजून तिथंच आहे.

विचारायला जायच्या आधी आपल्याकडे आपला आकडा असावा. तो काढणं अवघड नाही. दूध किंवा धान्य तोलायचा ताणकाटा कोणाकडे तरी असतोच. गटातली दहा घरं निवडा, त्यात एखादं किराणा दुकानवाल्याचं आणि एखादं वस्तीवरचं घर असू द्या. सात दिवस रोज ओला वेगळा, सुका वेगळा तोलायचा. बाजाराचा दिवस त्यात यायला हवा. शेण आणि चुलीची राख यात धरू नका. जनावराला घातलेलं उष्टं-खरकटं मात्र वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर खेड्यात ओला कचरा निघतच नाही असं वाटेल. समजा दहा घरांत 48 माणसं आहेत आणि आठवड्याचं वजन 84 किलो भरलं. दिवसाला 12 किलो, म्हणजे माणशी 250 ग्रॅम. आता तुमच्या गावाची लोकसंख्या दोन हजार असेल तर दिवसाला 500 किलो. मग ग्रामपंचायतीची गाडी रोज तेवढा उचलते का, की आठवड्यातून दोनदाच येते, हे बघा. दोन्हींतला फरक म्हणजे ओढ्याकाठचा ढीग. दहा घरांवरून सगळ्या गावाचा आकडा काढणं हाही अंदाजच, म्हणून वहीत 'दहा घरांची मोजणी' असं स्पष्ट लिहा आणि पावसाळ्यात पुन्हा एकदा मोजा.

भूम शहरातल्या बहिणींनी नगरपरिषदेत शेवटी भरलेल्या नमुना 4 ची प्रत मागावी. आधी तोंडी मागा, बऱ्याचदा मिळते. नाही मिळाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाही, आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात लांबण लावू नका. 'घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 मधील नमुना 4 चा वार्षिक अहवाल, तसेच त्यातील रोजच्या टनांचा आकडा ज्या नोंदवहीवरून काढला त्या नोंदवहीच्या एका महिन्याच्या प्रती' एवढं लिहिलं की पुरे. नोंदवही मागायला विसरू नका. अहवाल कोणीही टाइप करतं, रोजची वही मागितली की कळतं मोजलं होतं का.

गावातल्या बायांसाठी ग्रामसभा आहेच, आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते हे कायद्यातच आहे. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवर सह्या घेऊन उरकतात. यंदा ती बसून घ्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा: ऑनलाइन प्रणालीवर आपलं गाव कोणत्या पायरीवर दाखवलंय, ते कोणत्या तारखेच्या ठरावावर, आणि कचऱ्यासाठी आलेल्या निधीतून काय घेतलं. उत्तर आणि आपल्या दहा घरांचा आकडा, दोन्ही त्या सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. सही करण्याआधी लिहिलेलं मोठ्याने वाचायला सांगा.