टीम सातासमुद्रापार, तुम्ही पनवेलमध्ये!

फायनल इयरच्या कट्ट्यावर सध्या एका नोकरीची जोरदार चर्चा असते. कंपनी परदेशातली, पगार तगडा आणि काम घरबसल्या. पनवेलकरांना तर ही लॉटरीच वाटते. हार्बर लाइनने सीएसएमटी गाठायचं तर एका बाजूने सव्वा तासाच्या वर लागतो. तो वेळ वाचला, गर्दी वाचली, पासचे पैसे वाचले. आणखी काय पाहिजे?

फायदे खरेच आहेत. पण ऑफर लेटरमध्ये न लिहिलेली एक गोष्टही सोबत येते. स्क्रीनवर रोज दहा चेहरे दिसतात आणि तरी आठवडाभर कुणाशी धड बोलणंच झालेलं नसतं.

हे कसं होतं ते समजून घ्यायला आधी घड्याळ बघा. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा पनवेलमध्ये संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. तिकडच्या हिवाळ्यात साडेसात, कारण ते लोक वर्षातून दोनदा घड्याळाचे काटे तासभर पुढे-मागे करतात. टीम सॅन फ्रान्सिस्कोची असेल तर रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. म्हणजे मित्रमंडळी वडाळे तलावाजवळ गप्पा मारत बसतात, घरचे एकत्र जेवतात, नेमकी तेव्हाच तुमची मीटिंग. आणि तुम्ही उशिरा उठता तेव्हा घरातले सगळे आपापल्या कामाला गेलेले. लंडनची टीम त्यातल्या त्यात बरी, त्यांचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड किंवा अडीच.

सीट्रिप या चिनी ट्रॅव्हल कंपनीने 2010-11 मध्ये शांघायला एक प्रयोग केला होता. कॉल सेंटरमधल्या, स्वतःहून तयार झालेल्या काही कर्मचाऱ्यांना आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं. नऊ महिन्यांत त्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं. कंपनी खूश! पण प्रयोग संपल्यावर ‘आता काय निवडता?’ असं विचारलं, तेव्हा त्यातल्या जवळपास निम्म्यांनी ऑफिस निवडलं. मोठं कारण होतं एकटेपणा. लक्षात घ्या, ही माणसं ऑफिसच्याच शहरात राहत होती आणि पाचव्या दिवशी ऑफिसला जातही होती. तुमचं ऑफिस तर समुद्रापलीकडे असणार.

तेव्हा असं वाटलं तर ‘मीच वीक आहे’ असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 मधल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा जाणवतो आणि तरुणांमध्ये हे प्रमाण जास्त आहे.

आता घरातल्या कुणा जुन्या लोकलकराला त्यांच्या ट्रेनच्या ग्रुपबद्दल विचारा. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, तीच माणसं. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या डब्यातली भाकरी. एखादा दोन दिवस दिसला नाही तर फोन जायचा. प्रवासाला शिव्या घालता घालता ही सोबत फुकटात मिळत होती. रिमोट जॉबमध्ये प्रवास गेला की ती सोबतही जाते आणि मग ती स्वतःहून उभी करावी लागते.

सुरुवात इंटरव्ह्यूपासूनच करा. रोज किती तास टीमसोबत एकाच वेळी काम असेल? भारतात आणखी कुणी आहे का? अडलं तर विचारायला ठरलेला माणूस कोण? वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष भेट होते का? हे प्रश्न पगाराच्या प्रश्नाइतकेच रास्त आहेत.

जॉइन झाल्यावर एखाद्या सहकाऱ्यासोबत आठवड्यातून पंधरा मिनिटं ठरवून घ्या, कामाचा विषय न काढता. गणपती, दिवाळीच्या सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीलाच टीमच्या कॅलेंडरवर टाका. तिकडच्या मॅनेजरला चतुर्थी कधी ते आपोआप कळणार नाही. कळवलंत तर ‘हे काय असतं?’ म्हणून गप्पाही सुरू होतील.

पण खरी सोबत गावातच शोधावी लागेल. रात्रीची शिफ्ट असेल तर दिवस तुमचा आहे, तो बेडवर मोबाइल बघण्यात घालवू नका. सकाळी ठरलेल्या वेळी तलावाला फेरी मारा, लिमये वाचनालयात जाऊन बसा, रविवारी कर्नाळ्याला जा. तुमच्याच सोसायटीत असं काम करणारं आणखी कुणी असेल, तर आठवड्यातून दोन दिवस एकाच टेबलावर लॅपटॉप उघडा. कंपन्या वेगळ्या असल्या तरी चहा एकत्र होतो.

आणि झोप उडाली, जेवण जाईना, कुणाशी बोलावंसंच वाटेना, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर घरच्यांना सांगा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

ऑफर आली की पेढे जरूर वाटा. पण जॉइनिंगच्या आधी एका कागदावर अशी दोन नावं लिहा, ज्यांना तुम्ही दर आठवड्याला समोरासमोर भेटणार आहात. नावं पटकन सुचली नाहीत, तर पहिला महिना संपायच्या आत ती शोधा.