उद्याची काळजी

पावसाने ओढ दिली की केंदूरची माणसे आभाळाकडे बघू लागतात. पेरलेलं उगवेल का? विहिरीला पाणी राहील का? सोसायटीचं कर्ज फिटेल का? रात्र सरते, पण डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणतातच ना, चिता मेलेल्याला जाळते, चिंता जित्याला जाळते.

या काळजीवर उपाय काय? आपल्याच भागातली एक खरी हकिकत ऐका.

आपल्या शिरूर तालुक्याला लागून दौंड तालुका आहे. तिथे केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाई १८५८ साली जन्मल्या. त्या तरुण असतानाच दुष्काळ पडला. त्यात आईवडील गेले, थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली पती वारले. पदरात लहानगी मुलगी होती, मनोरमा. एवढे दुःख एका बाईच्या वाट्याला आले.

१८८३ साली इंग्लंडात रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. येशू ख्रिस्ताची एक शिकवण अशी आहे. पाखरे पेरत नाहीत, कणगी भरून ठेवत नाहीत. तरी देव त्यांना खायला देतो. तुम्ही तर देवाची लेकरे. मग उद्याचा घोर आजच का लावून घेता? आजचे दुःख आजच्यापुरते पुरे आहे.

कोणी म्हणेल, "मग हातपाय जोडून बसायचं का?" नाही. पाखरू तरी घरट्यात चोच उघडून कुठे बसते? पहाट झाली की ते दाणे वेचायला निघते.

रमाबाईंनीही तेच केले. १८९६ साली मोठा दुष्काळ पडला. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार बायका-मुलींना घेऊन आल्या. त्या सुमारे ३०० होत्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना. तेव्हा रमाबाई त्यांना केडगावच्या माळावर घेऊन गेल्या. राहायला आधी तंबूच होते. एवढी तोंडे, मग खायचे काय, प्यायचे काय? रमाबाईंनी प्रार्थना केली. आणि विहिरीही खणल्या, भाजीपाला लावला. मुलींना विणकाम, छपाई, तेल गाळणे असे धंदे शिकवले. १९०० साली पुन्हा दुष्काळ आला. तेव्हा मुक्तीत जवळजवळ २००० माणसे जेवत होती.

१९२१ साली मनोरमाही वारली. म्हातारपणी एकुलती लेक गेली. रमाबाई रडल्या नसतील का? श्रद्धा असली म्हणून दुःख टळत नाही. पण दुःखात उभे राहायला बळ मिळते. बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या देवाघरी गेल्या.

तर मग काळजी वाटली की काय करावे? आता आपल्याला लिहिता येते. एक कागद घ्या. मधे रेघ ओढा. एका बाजूला आपल्या हातातले लिहा : बांध घालणे, बियाणे निवडणे, कर्जाबद्दल सोसायटीत जाऊन बोलणे. दुसऱ्या बाजूला आपल्या हातात नसलेले लिहा : पाऊस, बाजारभाव, उद्याचा दिवस. पहिली बाजू आपली. ती उद्यावर टाकू नका. दुसरी बाजू प्रार्थनेत देवापुढे ठेवा. पोर तापाने फणफणले तर प्रार्थना करा, आणि दवाखान्यातही न्या.

मग दिवा मालवा आणि निवांत झोपा. सकाळी काम आहे.