भाड्याचं घर गळकं निघालं तर?
28 मे 2021 रोजी उल्हासनगरात पाच मजली इमारतीचा स्लॅब कोसळून सात जण दगावले. तेव्हा ताज्या रंगाला भुलू नका. छताचे पोपडे, उघडी पडलेली सळई पाहा. इमारत 30 वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. बदलापुरात नदीकाठी तळमजला घेताना 2019च्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारा. एजंट कशाला सांगेल?

मालक दुरुस्ती टाळत असेल तर किमान 15 दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती स्वतः करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च वळता करू शकतो (महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14). मेख अशी, की लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या लेखी भाडेकरूच नसतो. त्याने दुरुस्त्या करारातच लिहून घ्याव्यात. करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची.